कंसातलं नाव

भाऊजी, तुमचा फ्लेक्स लागलाय.

कामथडीच्या फाट्यावर, सर्व्हिस रोडच्या कडेला. एका बाजूला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या प्लॉटची जाहिरात, मध्ये तुम्ही. फोटो घरातल्या एका लग्नातला घेतलाय, फेटा घातलेला. फेट्याला तुम्ही जन्मभर डोक्याचं बँडेज म्हणालात आणि आता जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक एसटीला बँडेज बांधूनच नमस्कार करताय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली शोकाकुलांच्या फोटोंची रांग, त्यातले निम्मे तुमच्यापेक्षा ठळक. आणि मधोमध तुमचं नाव: कै. श्रीकांत, मग आपलं आडनाव, मग कंसात (फसवे इंजिनियर).

कंस तरुण मंडळाच्या गणपतने घातला. आतला शब्द माझा आहे.

दहावा अजून व्हायचाय. घरात येणारा प्रत्येक माणूस फाट्यावरून वळतो, म्हणजे तो कंस वाचूनच आत येतो. कुणाला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. मी मात्र पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाते ती पुष्कळ वेळ बाहेर येत नाही.

तुम्ही पुण्याची कंपनी सोडून इथे घर बांधलंत तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता आंबे लावाल, शेवगा लावाल, निवृत्त माणसं करतात ते सगळं कराल. तुम्ही वरच्या खोलीत कॉम्प्युटर लावलात. येणाऱ्याला चहाच्या आधी तुमचं प्रात्यक्षिक. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना तुम्ही हेडफोन घातलेत. डाव्या कानात एक सूर, उजव्या कानात त्याहून किंचित वरचा, आणि गुरुजींच्या डोक्याच्या मध्यभागी तिसरंच काहीतरी धडधडायला लागलं. बिचारे पूजेत दोनदा अडखळले. तुमची सुनंदा तुमच्यावर चिडली होती आणि मी खाली पदरात तोंड घालून हसत होते. तुम्ही नम्र वगैरे अजिबात नव्हतात, हे मी इथे नमूद करून ठेवते, कारण भेटायला येणारा जो तो तुमच्या नम्रतेविषयी बोलतोय. तुम्हाला श्रोता लागायचा, आणि तो मिळाला की तुम्ही त्याला जेवायलाही सोडत नव्हतात.

माझी पाळी आली तेव्हा तुम्ही मला पडद्यावरच्या उभ्या रेघा दाखवल्यात. म्हणालात, हा एक सूर. आपल्याला एक वाटतो, पण त्याच्या पोटात एकावर एक असे बरेच सूर असतात. सगळ्यात डावीकडची रेघ म्हणजे तळाचा, खर्जाचा सूर, त्याच्यावरून बाकीच्यांना नाव मिळतं. मग तुम्ही ती डावीकडची रेघ पुसून टाकलीत आणि सूर पुन्हा वाजवलात. तो थोडा पातळ झाला, पण खर्ज होता तिथेच ऐकू येत होता. मी पडद्याकडे पाहिलं. रेघ नव्हती. तुम्ही पुन्हा वाजवलात. मला चीड आली. रेघ नाही आणि सूर आहे, हे माझ्यासारख्या ग्रंथपालाला कसं चालावं? कपाटात नसलेलं पुस्तक मी कधी कुणाला वाचायला दिलेलं नाही.

"म्हणजे कान फसतो," मी म्हटलं.

"फसत नाही वहिनी. गाळलेली जागा भरतो."

"आणि चुकीची भरली तर?"

"नाही ना भरत. तुमचा कान, माझा कान, त्या गणपतचा कान, सगळे तोच सूर भरतात. परीक्षेत एवढं एकमत झालं तर सगळा वर्ग पास."

मी म्हटलं, वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं एकसारखी आली तर पहिला संशय कॉपीचा घेतात. तुम्ही खो खो हसलात. आपले वाद असेच चालायचे. तुम्ही बरोबर असायचात आणि टाळी मी घ्यायचे.

यांचा, म्हणजे तुमच्या भावाचा, असल्या वादात कधी भाग नसायचा. यांना कमी ऐकू येतं. त्याचा एक फायदा असा झाला की तुमचं नवं नाव यांच्यापर्यंत पोचलंच नाही. आपल्या घरात तुम्हाला शेवटपर्यंत नुसतं श्रीकांत म्हणणारे तेवढे एकच.

ते नाव पडलं वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावात, सभागृहाच्या उद्घाटनाला. निवेदन माझ्याकडे होतं, कारण आपल्या आणि वेल्ह्याच्या, दोन्ही तालुक्यांत सूत्रसंचालन म्हटलं की मला बोलावतात, आणि मी थट्टा करते म्हणून मला बोलावतात. प्रमुख पाहुणे यायचे होते. पाहुणे यायचेच असतात. हार कोमेजले, नारळ इकडचे तिकडे झाले, लोक उठायला लागले, तेव्हा आयोजकांनी तुम्हाला विनंती केली की साहेब, तेवढ्या वेळात तुमची ती आवाजाची गंमत दाखवा. तुम्हाला आग्रह करावा लागला नाही.

तुम्ही तो चढता सूर लावलात. पुष्कळ सूर एकदम वर चढत असतात. वरचे हळूहळू विरून जातात, खालून नवे दबक्या पावलांनी येऊन मिळतात, आणि कानाला वाटतं की एकच सूर चढतोय, चढतोय, चढतोय. सभागृह शांत झालं. बायका छताकडे बघायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीचे हात धरून बसले, पडेन की काय अशा बेताने. मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं नाही, भाऊजी, पण मलाही घशाशी काहीतरी दाटून आलं होतं. आणि घशाशी दाटलं की मला विनोद सुचतो. हा माझा जुना आजार आहे.

मी माईक घेतला. "मंडळी, हा सूर सारखा वर चाललाय असं वाटतं आणि पोचत कुठंच नाही. आपल्या तालुक्याचा विकास आज तुम्ही कानांनी ऐकलात."

सभागृह कोसळलं हसून. तेवढ्यावर थांबले असते तर चांगली गोष्ट झाली असती. पण हशा एकदा मिळाला की दुसराही हवा असतो. मी म्हटलं, "याला म्हणायचं फसवा सूर. आणि हे आमचे फसवे इंजिनियर."

नेम मी व्यासपीठावर धरला होता. लागला तुम्हाला. व्यासपीठ रिकामंच होतं ना, पाहुणे यायचे होते.

तुम्ही हात जोडून चारी दिशांना वाकलात आणि म्हणालात, आभारी आहे वहिनी. वहिनीने दिराची थट्टा करायची आणि त्याने ती मिरवायची, अशी आपल्याकडे रीतच आहे. तेव्हा मलाही वाटलं, रीत पाळली गेली. परतताना गाडीत तुम्ही स्वतःच तो विनोद पुन्हा पुन्हा सांगत होतात.

पण रीत घरातली असते आणि शब्द गावाचा होतो. महिन्याभरात शिवऱ्यापासून पानशेतपर्यंत तुम्ही फसवे झालात. पत्ता विचारणारा फसव्यांचं घर विचारायचा. लग्नपत्रिकेवर एकाने श्री. फसवे असं लिहून पाठवलं, त्याला ते आडनावच वाटलं. मला मजा वाटायची. कुणी ओळख करून देताना 'फसवा सूर हा शब्द यांचाच' असं म्हणालं की मी मान जराशी तिरकी करून 'छे हो' म्हणायचे. ते 'छे हो' आठवलं की आता अंगावर काटा येतो.

एकदा तुम्ही वरच्या खोलीतून खाली आलात आणि उभ्या उभ्याच म्हणालात, वहिनी, दुसरा शब्द द्या ना. माझ्या सुरांच्या त्या सॉफ्टवेअरला मराठी नाव हवंय, आणि हा शब्द बरोबर नाही. मी तुमच्याकडे आले होते, खाली भाजी निवडत होते. मी म्हटलं, शब्द म्हणजे काय भाजी आहे, बदलून मिळायला? तुम्ही हसलात आणि वर गेलात. त्या दिवशी जिन्यात तुमच्या पायांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता की मी आता तसा आठवतेय, मला ठरवता येत नाही. गाळलेली जागा मीही भरत असेन.

मग पानशेतच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावातलं बायकांचं भजनी मंडळ. कमळाबाई त्यांच्या पुढारी. त्यांच्याकडे पेटी होती ती उंदरांनी खाल्लेली, तानपुरा कधी नव्हताच. मोबाईलवर सूर लावून गायच्या, तर मोबाईलच्या स्पीकरमधून खर्ज येत नाही, त्याची तेवढी छातीच नसते. चिरका सूर ऐकून बायका उंच पट्टीत जायच्या आणि दुसऱ्या भजनाला घसे बसायचे. तुम्ही तुमच्या सॉफ्टवेअरवर त्यांच्यासाठी सूर बांधलात. मोबाईलला जे झेपतं तेवढेच वरचे सूर ठेवलेत, पण असे मापात की ऐकणाऱ्याच्या कानात खालचा सा आपोआप उभा राहावा. जोडीला एक हातात मावेल एवढा स्पीकर दिलात. बायका खाली उतरल्या, मोकळ्या गायला लागल्या. तुम्ही मला रेकॉर्डिंग ऐकवलंत. मी 'बरं आहे' म्हटलं. बरं नव्हतं ते, फार सुंदर होतं.

मग बायका भजनाच्या स्पर्धेत उतरल्या. समोरच्या मंडळाने हरकत घेतली. कशावर? तर ह्या बायका फसव्यांकडनं सूर भरून आणतात. आयोजकांनी विचारलं, सूर कुणाचा? कमळाबाईंनी अभिमानाने सांगितलं, फसव्या सायबांचा. तिथे हशा झाला म्हणतात. मोबाईल बाजूला ठेवायला लावला. बायका कोरड्या गायल्या, मध्येच सुरातून सुटल्या, आणि व्यासपीठावरून खाली उतरल्या.

तुम्ही त्यांना भेटायला निघालात तेव्हा मी सोबत आले, धरणाकडची हवा खायला म्हणून. देवळाच्या ओट्यावर बसलो. कमळाबाईंनी स्पीकर पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून तयारच ठेवला होता. तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगायला लागलात. यात भरलेलं काही नाही, उलट काढलेलं आहे, बाकीचं तुमचा कान करतो. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, तुमचा मान राखत होत्या.

मग म्हणाल्या, "सायेब, तुमचं लई चांगलं हाय. आमाला म्हाईत न्हाई का? पन नाव वंगाळ पडलंय. बायास्नी घरची मान्सं इचारत्यात, तुमी फसवं गाता का म्हनून."

त्यांना माहीत नव्हतं की नाव पाडणारी बाई समोर बसून त्यांच्या हातचं सरबत पितेय. तुम्हाला माहीत होतं. मी वाट पाहत होते की तुम्ही माझ्याकडे बघाल, नुसतं हसून तरी बघाल, म्हणजे मला काहीतरी बोलता येईल. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी घेतलीत, गाठ तशीच ठेवून.

परतताना तुम्ही धरणाच्या कडेने गाडी घेतलीत. वाटेत एका टपरीपाशी गाडी थांबवलीत आणि विचारलंत, वहिनी, चहा घेणार? मला तेव्हा, चूक माझी, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, साखर कमी सांगा.

त्या दिवसापासून मी तो शब्द वापरणं थांबवलं. मागे मात्र घेतला नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला कळत नव्हता असं मी म्हणू शकत नाही, कारण शब्दांमधले फरक दाखवण्यावरच माझी सगळी ऐट उभी आहे. पुढच्या कुठल्याही कार्यक्रमात मी माईकवरून सांगू शकले असते की तो विनोद होता, शब्द चुकीचा होता, या माणसाने कुणालाही फसवलेलं नाही. पण चूक कबूल केली की हशा मिळत नाही. शिवाय मला वाटत होतं, वेळ आहे. तुम्ही माझ्याहून लहान. दीर आधी जातो असं कुणी धरून चालत नाही.

परवा मी गणपतला बोलावलं. तरुण मंडळाचा अध्यक्ष, आता चाळिशीच्या पुढे गेला तरी तरुणच. त्याला म्हटलं, फ्लेक्स चांगला झालाय, तेवढा कंस काढायचा बघ. त्याचा चेहरा उतरला. छापणारा म्हणाला होता, मयताच्या फ्लेक्सवर असलं नाव बरं दिसत नाही. गणपत त्याच्याशी भांडून कंस घालून आला होता.

"काकू, नुसतं श्रीकांत लिवलं आस्तं तर कोन वळखनार वो? दहाव्याला मानूस कसा येनार? आमी परेमानं लिवलंय. आन नाव तर तुमीच ठिवलंय न्हवं?"

शेवटचं वाक्य तो कौतुकाने म्हणाला, भाऊजी. तेच सहन झालं नाही. त्याने रागाने म्हटलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, चांगलं उत्तर दिलं असतं. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की ते नाव ठेवणं ही माझी चूक होती, त्यामुळे तुमचं काम बुडालं. तो हसायला लागला. त्याला वाटलं, काकूंचा नेहमीचा विनोद आहे, शेवटी टाळीचं वाक्य येईल. तो वाट बघत थांबला. ते आलं नाही तेव्हा तो जरा ओशाळला आणि मांडवाच्या खुर्च्या मोजायला गेला.

तुमच्याविषयी इथे काय काय बोललं जातंय ते तुम्ही ऐकायला हवं होतं. काल एका विद्वानांनी सुचवलं की आता तुम्हीच तो न वाजणारा सूर झाला आहात, जो आम्हाला कायम ऐकू येत राहील. लोकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. मला तुम्ही ऐकू येत नाही. वरच्या खोलीत शांत आहे, अगदी साधी, खरी शांतता आहे. तुम्ही असतात तर त्या गृहस्थांना सांगितलं असतंत की साहेब, वरचे सूर वाजत असावे लागतात, तेव्हा खालचा भासतो. काहीच वाजत नसेल तर काहीच ऐकू येत नाही.

आज सकाळी कंसाचं सुनंदाला सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून पाहुण्यांचे कप धूत होती. मी म्हटलं, मी गणपतला पुन्हा बोलावते, दहाव्याच्या आत काढून घेते. ती म्हणाली, राहू द्या ताई, त्यांना चालायचं ते नाव. मी विचारलं, चालायचं म्हणजे?

"फोन उचलला की तेच म्हणायचे की. हां, फसवे बोलतोय."

मी म्हटलं, मी कधीच नाही ऐकलं.

"तुम्हाला कसं ऐकू येईल? तुमचं नाव दिसलं की घसा खाकरायचे, आणि वहिनी, मी श्रीकांत, असं म्हणायचे. मी हसायचे. मी म्हणायचे, एका फोनवर दोन माणसं ठेवलीत का? तर म्हणाले, वहिनींना नको ऐकवायला. त्यांना वाईट वाटेल."

ती पुन्हा कपांकडे वळली. तिला वाटलं, तिने मला धीर दिला.

वहिनी, मी श्रीकांत. दर वेळी. आणि मी त्यावरही एकदा बोलले होते, की मीच फोन केलाय भाऊजी, कोण उचलणार ते मला ठाऊक आहे, रोज नव्याने ओळख कशाला? तुम्ही म्हणालात, सवय हो, कंपनीतली.

दुपारी तुमचा मोबाईल वाजला. तो अजून चार्जिंगलाच आहे, सुनंदाला बंद करवत नाही, आणि लोकही फोन करतात. तिचे हात ओले होते. म्हणाली, ताई, घ्या ना जरा. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. मी उचलला. गृहस्थ शिवऱ्याहून बोलत होते, त्यांच्या मंडळाला मोबाईलवर लावायचा सूर हवा होता, कुणीतरी नंबर दिला होता. फ्लेक्स त्यांनी पाहिला नव्हता. आपण कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, श्रीकांतरावांची वहिनी. कुणाची, म्हणाले. मी आडनावासकट सांगितलं. पलीकडून, राँग नंबर लागला वाटतं, असं पुटपुटणं ऐकू आलं. ते फोन ठेवणार होते.

"ठेवू नका," मी म्हटलं. "फसव्यांचाच नंबर आहे. मी फसव्यांची वहिनी बोलतेय."